मुलांस शर्यतीचा बोलपट दाखवावा काय ?

‘ए डे ॲट द रेसेस’ हा १९३७ सालचा बोलपट शाळेंत दाखवावा, असें आम्हीं सुचविलें, तेव्हां एका सहकारी बंधूंनीं हरकत घेतली कीं, मुकुटबनासारख्या गांवीं मुलांस घोड्यांच्या शर्यती दाखविणें म्हणजे जुगाराची वाट दाखविणेंच होय. हरकत प्रामाणिक आहे. तथापि ती आम्हांस मान्य नाहीं.

मार्क्स बंधूंच्या या विनोदी बोलपटांत ग्राउचो हा मुळांत घोड्यांचा वैद्य. तो माणसांचा डॉक्टर म्हणून एका कर्जबाजारी आरोग्यभवनांत शिरतो. मैदानावर एका घोड्यावर पैसे लावण्यास तो निघाला असतां, चिको हा आइस्क्रीमवाला त्यास हांक मारतो व एका डॉलरला गुप्त ‘टिप’ विकतो. टिप सांकेतिक अक्षरांत. म्हणून उलगड्याचें पुस्तक हवें. पुस्तक फुकट, छपाईचा मात्र एक डॉलर ! त्यांतील खुणा समजण्यास दुसरें पुस्तक, त्यास तिसरें. पुस्तकांचा भारा सांवरीत ग्राउचो पानें चाळीत राहतो, शर्यत आटोपते, आणि त्यानें आरंभीं निवडलेला घोडाच जिंकतो. चिकोनें मिळालेले पैसे त्याच घोड्यावर लावलेले असतात !

घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ठरविलें. घोड्याचें व स्वाराचें कौशल्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कौशल्याच्या नांवानें काय विकलें जातें, तें आमच्या व्याख्यानांनीं इतकें स्पष्ट कधींच झालें नाहीं. मोबाइलवर क्रिकेटचे ‘अंदाज’ विकणारा तो हाच आइस्क्रीमवाला.

आमची खरी तक्रार शेवटाविषयीं आहे. मॉर्गन नांवाच्या धनिकाचा आवाज कानीं पडतांच बिथरून उड्या घेणारा हाय-हॅट हा घोडा अडथळ्यांची शर्यत जिंकतो, आणि आरोग्यभवन त्याच मॉर्गनच्या घशांत जाण्यापासून वाचतें. हंसूं येतें खरें. पण कापसाच्या या जिल्ह्यांत, जेथें पीककर्जाचा हप्ता घरोघर ठाऊक आहे, तेथें एका शर्यतीनें कर्ज फिटतें असें मुलांच्या मनावर ठसणें बरें नव्हे. शंकरपटावर २०१४ सालीं बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां परवानगी दिली. स्वतः अर्धपोटीं राहून जोडीस पेंड चारणारा शेतकरी आम्हांस आदरणीय वाटतो. पटाच्या कडेला उभा राहून बियाण्याचे पैसे पैजेस लावणाऱ्याची मात्र आम्हांस चिंता वाटते.

तरी बोलपट दाखवावाच, आणि पुस्तकांपायीं ग्राउचोचे किती डॉलर गेले, याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावा. आमचे सहकारी बंधु गणितच शिकवितात; तें काम त्यांनीं पत्करावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.