‘या वयात कुठे स्ट्रोक होतो?’

हे वाक्य मी नातेवाइकांकडून नेहमी ऐकतो. खरं सांगायचं तर कधीकधी आमच्या पेशातल्या लोकांकडूनही. ते आता बंद व्हायला हवं, कारण त्यात तास निघून जातात. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात.

तिशीतल्या माणसाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर घरचे धावतात. घोटाळा होतो तो फक्त बोलणं बिघडलं तर. चांगला बोलणारा मुलगा अचानक ‘चावी’ला ‘चमचा’ म्हणतो. शब्द ओठांवर येऊन अडकतो. किंवा भराभर बोलतो, पण अर्थ लागत नाही. तुम्ही काय विचारताय तेही त्याला कळत नाही. व्हॉट्सअॅपवर भलतंच काहीतरी टाइप करून पाठवतो. हातपाय मात्र ठणठणीत! मग घरातच निदान ठरतं: टेन्शन आलंय, जागरण झालंय, मस्करी करतोय, प्यायलाय. कुठे दृष्ट काढतात, कुठे कांदा हुंगवतात.

अहो, याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांची भाषेची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात. तिथलाच रक्तपुरवठा तुटला, तर हातपाय शाबूत राहूनही भाषा जाते. आणि प्यायला असला म्हणून काय झालं? प्यायलेल्याला स्ट्रोक होत नाही, असं कुठे लिहिलंय?

तरुणांमध्येही बीपी, शुगर, तंबाखू ही कारणं आहेतच. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेली असते, तिथून गुठळी सुटते. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊ शकते. तिला पाणी कमी द्या म्हणणाऱ्या आज्ज्यांनी हे जरूर वाचावं. आणि सलूनमध्ये कटकन मान मोडून घेणाऱ्यांनो, त्या झटक्याने मानेतल्या धमनीचं अस्तर फाटू शकतं.

शंका आली तर एक साधं वाक्य म्हणायला सांगा. पेन, घड्याळ दाखवून नावं विचारा. हाताने खूण न करता ‘डोळे मिटा’ म्हणा. यातलं एकही अचानक जमेनासं झालं, तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात न्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाइन आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन घेत बसू नका. शुगर कमी झाल्यानेही असं होतं, पण ती तिथे सुईच्या एका थेंबावर कळते. घरी अॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घात करेल. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं.

‘दहा मिनिटांत आपोआप बरं झालं’ म्हणून घरी थांबणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांतच सर्वाधिक असतो. त्याच दिवशी तपासणी करून घ्या.

हॉस्पिटलात पहिला प्रश्न वेळेचा असेल. त्रास तुमच्या लक्षात कधी आला, ही वेळ तिथे चालत नाही. तो शेवटचा नीट कधी बोलला, ती हवी. झोपेतून उठल्यावर कळलं असेल, तर रात्री झोपायला गेला तेव्हाची वेळ सांगा.