प्रयोगशाळेतले हात आधी शिकवा!

परळच्या हाफकिन संस्थेची महती मुंबईकरांस नव्याने सांगावयास नको. १८९६ साली या नगरीत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी येथेच त्यावरची लस सिद्ध केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परंतु त्या उज्ज्वल इतिहासात एक दुःखद पानही आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी, मुंबईहून गेलेल्या लसीच्या एकाच बाटलीतून ज्यांस टोचले, ती एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. सारा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेच्या माथी मारण्यात आला आणि हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले. त्यांच्यावरील कलंक पुसला जावयास १९०७ साल उजाडले. पुराव्यात पुढे आले ते एवढेच, की बाटलीचे बूच काढावयाचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला!

एका चिमट्याची ही कथा आज सव्वाशे वर्षांनंतर आम्ही का उगाळीत आहो? कारण तो चिमटा अजून पडतोच आहे. २००४ साली बीजिंगच्या प्रयोगशाळेत सार्सचा विषाणू पुरता निष्क्रिय न करताच हाताळला गेला; तेथील एका विद्यार्थिनीस रोग जडला आणि तिची शुश्रूषा करणारी माता प्राणास मुकली. २०१४ साली खुद्द अमेरिकेच्या अटलांटा येथील विख्यात रोगनियंत्रण केंद्रात जिवंत अँथ्रॅक्सचे जंतू मृत समजून दुसऱ्या प्रयोगशाळांकडे धाडण्यात आले. तेथे कोणी आजारी पडले नाही, हे केवळ सुदैव! २०१९ साली चीनमधील लानझोऊ येथे लसीच्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले आणि ब्रुसेला जंतूंची बाधा आसपासच्या दहा हजारांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचली. या तिन्ही ठिकाणी पैशाची वाण नव्हती, यंत्रांची नव्हती, विद्वानांचीही नव्हती. उणीव होती ती अंगवळणी पडलेल्या शिस्तीची.

आपल्याकडे नियम नाहीत, असे कोणी म्हणू नये. जनुकीय फेरबदल केलेल्या जीवांसंबंधीचे नियम १९८९ पासून आहेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी तर हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास नेमणुकीच्या वेळी व पुढे दरवर्षी प्रशिक्षण देणे बंधनकारक केले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सर्वोच्च दर्जाची सुरक्षित प्रयोगशाळाही आहे. मग प्रश्न उरतो तो हा, की कागदावरील हे शहाणपण गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमधील, तपासणीच्या नळ्या हाताळणाऱ्या तरुण तंत्रज्ञापर्यंत पोहोचले आहे काय? २०२० च्या साथीच्या आरंभी करोनाची तपासणी एकट्या पुण्यास होत असे. पुढे देशभर हजारो प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. यंत्रे महिन्यात येतात. शिकलेले हात महिन्यात तयार होत नाहीत.

प्रशिक्षण म्हणजे सभागृहातले तासाभराचे व्याख्यान आणि चहापानानंतरचे प्रमाणपत्र नव्हे. वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण लावू नये, हे हातास कळले पाहिजे. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटली, तर झाकण लगेच न उघडता हवेत उडालेले सूक्ष्म तुषार खाली बसेपर्यंत अर्धा तास थांबावयाचे असते, हे धांदलीच्या क्षणीही आठवले पाहिजे. नमुना सांडला, तर त्यावर शोषकागद अंथरून, जंतुनाशक ओतून, ठरलेला वेळ वाट पाहून मगच पुसावयाचे, ही कृती प्रत्यक्ष करून पाहिलेली असली पाहिजे. ऑटोक्लेव्हने खरोखर जंतू मारले की नुसती वाफ सोडली, याची वेळच्या वेळी परीक्षा घेता आली पाहिजे. आणि हे सारे जितके शास्त्रज्ञास, तितकेच लादी पुसणाऱ्या सफाई कामगारास! पिशवीतून डोकावणारी सुई पदवी विचारून टोचत नाही.

लहान प्रयोगशाळांस हा खर्च कसा परवडावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच पोकळ नाही. म्हणूनच हा भार एकेका मालकावर न टाकता शासनाने व महानगरपालिकेने तो उचलावा, असे आमचे म्हणणे आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांसह वर्ग भरवावेत. त्यात उत्तीर्ण झाल्यावाचून कोणासही रुग्णांचे नमुने हाताळू देऊ नयेत. दरवर्षी उजळणी व्हावी आणि तपासणी अधिकाऱ्याने नोंदवही चाळून परत न फिरता कर्मचाऱ्यांकडून कृती करवून पाहावी.

मुलकोवालचा दुसरा धडाही विसरता कामा नये. तेथे चौकशीआधीच अपराधी ठरला आणि खरे कारण उजेडात यावयास वर्षे लागली. आजही सुई टोचलेला तंत्रज्ञ नोकरीच्या भयाने ती गोष्ट दडवतो आणि वेळेवरच्या उपचारास मुकतो. चूक सांगणाऱ्यास शिक्षा करणारी प्रयोगशाळा पुढच्या अपघाताची पायाभरणीच करीत असते. ज्याने चूक तत्काळ कळवली त्यास अभय आणि ज्याने शिकवलेच नाही त्यास जाब, हा न्याय रूढ झाला पाहिजे.

ज्या नगरीतून लस गेली आणि ज्या नगरीने तो दोष विनाकारण सोसला, तिने या कामी पुढाकार घ्यावा, हेच उचित. चिमटा पुन्हा केव्हा तरी पडणारच. माणसाच्या हातून वस्तू पडावयाच्याच. तो पडल्यावर काय करावयाचे, हे उचलणाऱ्यास ठाऊक असावे, एवढीच आमची मागणी आहे. शासन व महानगरपालिका ती ऐकतील काय?