मंडपातले पत्ते

यंदा गणपतीत आमच्या पोलादपूरकडच्या एका वाडीत फतवा निघाला. जागरणाला मंडपात पत्ते कुटायचे नाहीत! कारण काय, तर "पत्ते ही इंग्रजांची घाण, आपली संस्कृती नव्हे." पैसे लावू नका म्हणाले असते तर पहिली टाळी मी वाजवली असती. पण संस्कृती मध्ये आली आणि डोकं फिरलं.

अहो मंडळी, महाड-पोलादपूरवरून जाणारा हाच गोवा हायवे धरून खाली गेलात की सावंतवाडी येते. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा हाताने रंगवतात. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही मरणपंथाला लागलेली कला जगवली, 2024 मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. पत्ते गोल. दशावतारी संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण 120! दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी एक्क्याला मारते, निम्म्यांत एक्का दश्शीला. कुठली पानं पडून गेली हे ध्यानात ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. (आमच्याकडे मेंढीकोटात चार दश्श्या लक्षात ठेवताना भांडणं होतात!)

बरं, गंजिफा तरी अस्सल देशी का? नाव फारसी. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हुसेनला हे पत्ते पाठवले, तशी नोंद त्याच्याच आठवणींत आहे. मुघली संचात आठ रंग, 96 पानं. आपल्या लोकांनी खेळ घेतला आणि त्यावर अवतार बसवले. परके म्हणून पत्ते हाकलायचे तर रामाचा राजाही मंडपाबाहेर जाईल, चालेल?

जुगाराने घरं बसतात, हे कोण नाकारतंय? पण 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेत. 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, बदाम सातवर नव्हे.

आणि पत्ते उठवून झालं काय? मुंबईहून आलेली पोरं मोबाइल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात बसली. म्हातारे दहालाच घरी गेले. पहाटे समईत तेल घालायला दोघंच जागे होते, आणि तेही एकमेकांशी न बोलणारे.