‘सुरक्षित’ तालुक्यांतील कोरड्या विहिरी

भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात डहाणू आणि तलासरी हे तालुके ‘सुरक्षित’ या वर्गात मोडतात. वार्षिक उपलब्धतेच्या 70 टक्क्यांपर्यंत उपसा असलेला तालुका सुरक्षित, असा हा निकष आहे. निकषात खोट नाही. त्यातून काढला जाणारा अर्थ मात्र फसवा आहे. येथे उपसा कमी, कारण उपसण्याची साधने कमी आणि कातळातील साठवणही तुटपुंजी. वर्षाकाठी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो खरा, पण बराचसा ओढ्यानाल्यांनी समुद्राला मिळतो. त्यातून डहाणूत किनाऱ्यावरील चिकूच्या वाड्या आणि पूर्वेकडील डोंगराळ पाडे एकाच सरासरीत बसविले जातात. मे महिन्यात पाड्यांवरील स्त्रिया हंडे घेऊन डोंगर उतरतात, तेव्हाही तालुका कागदोपत्री सुरक्षितच असतो!

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. नोव्हेंबर 2018 पासून याच परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा भूकंपमापक येऊन हादऱ्यांची अहोरात्र नोंद होऊ लागली. ती तत्परता पाण्याच्या वाट्याला का येऊ नये? पाड्याची विहीर कोणत्या आठवड्यात आटली, हे मोजणीतून कळले पाहिजे. त्यासाठी दोरी, खूण आणि वही पुरे. गावच्या शाळेलाही ते अशक्य नाही. मग टँकरचा प्रस्ताव विहीर आटण्यापूर्वीच तहसील कचेरीत पोहोचू शकेल.