पिग्मीची नोंद आणि ॲपमधील कुलूप

निपाणीच्या बाजारपेठेत पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरतो, मोबाइलवर रक्कम टाकतो, पावती देतो. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने 1928 साली सुरू केलेली पिग्मी ही रोजच्या बचतीची योजना महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात चांगलीच रुजली. आता वहीची जागा ॲप घेत आहे आणि हिशेबाची जबाबदारी ॲप लिहिणाऱ्यावर आली आहे.

ॲपमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, एकाच वेळी काम करतात. एक एजंटची नोंद लिहितो, दुसरा पडद्यामागे सर्व्हरशी हिशेब जुळवतो. समजा, खात्यावर 4,300 रुपये आहेत आणि दोन्ही थ्रेडनी तोच आकडा वाचला. पहिल्याने 100 मिळवून 4,400 लिहिले. दुसऱ्याने 50 रुपये व्याज मिळवून त्यावरच 4,350 लिहिले. खातेदाराचे शंभर रुपये गेले आणि कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही.

अशा नोंदी ठेवायला फोनमधील अनेक ॲप एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतात. त्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. 2010 साली आलेल्या ‘वॉल’ (राइट-अहेड लॉगिंग) पद्धतीमुळे लिहिणे चालू असताना इतरांना वाचता येऊ लागले, पण लिहिणारा एकच राहिला. दुसऱ्याने तेव्हाच लिहायला घेतले तर त्याला ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असे उत्तर मिळू शकते. ही त्रुटी गिळून पुढे जाणारा कोड आम्हाला सर्वांत घातक वाटतो. पावती निघते, नोंद मात्र होत नाही.

सगळ्या थ्रेडना डेटाबेसशी एकच जोडणी दिली की ‘लॉक्ड’चा त्रास बहुतांशी थांबतो. पण इथेच अनेकांची गफलत होते. जुना आकडा आधीच वाचून ठेवला असेल, तर रांगेने लिहूनही शंभर रुपये बुडतातच. वाचणे, मिळवणे आणि लिहिणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्ये दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही अशा अखंड व्यवहारात, व्हायला हवे, किंवा ‘शिल्लक अधिक 100’ असा थेट आदेश डेटाबेसलाच द्यायला हवा. ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहू नये. निपाणीजवळच्या कोगनोळीत रेंज गेली तर लिहिण्याचे कुलूप तोवर अडकून पडेल. प्रत्येक पावतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो पुन्हा आला तर डेटाबेसने नाकारावा, म्हणजे रेंज परतल्यावर तीच नोंद दोनदा जमा होणार नाही.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय निपाणीच्याच जिल्ह्यात, बेळगावात आहे. इथल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी असे ॲप करताना या गोष्टींना नंतरची डागडुजी समजू नये. आणि पिग्मी चालवणाऱ्या पतसंस्थांच्या संचालकांनी ॲप विकत घेण्यापूर्वी एकाच खात्यावर दोन मोबाइलवरून एकाच क्षणी भरणा करून पाहावा, मग रेंज तोडून पुन्हा पाहावा. दोन्ही वेळा शिल्लक पै न् पै जुळली, तरच सही करावी.