पासावरचा हशा

दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणास प्रेक्षक म्हणून बसावयास मिळणे, हे अलीकडे आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात भाग्याचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ साली आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली सुरू झाला. तेव्हापासून आमच्या पनवेलातही, वाहिनीत कोणाची ओळख आहे काय, चार पास मिळतील काय, ही विचारपूस चार मंडळी जमली की हटकून ऐकू येते. जे गृहस्थ नाटकाचे तीनशे रुपयांचे तिकीट महाग म्हणून नाक मुरडतात, तेच या पासासाठी दहा जणांची आर्जवे करतात, आणि रजा काढून मुंबईच्या दुसऱ्या टोकाच्या स्टुडिओत अख्खा दिवस घालवितात. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु या हौसेपायी आपण काय देतो आणि काय घेतो, याचा हिशेब एकदा मांडावयास हवा.

तिकीट काय आणि पास काय, दोन्ही कागदाचेच तुकडे. पण त्यांची जात निराळी. तिकीट काढणाराने मोल दिलेले असते; म्हणून रुचले तर हसण्याचा, न रुचले तर स्वस्थ बसण्याचा आणि फारच कंटाळा आला तर मध्यंतरात उठून घरची वाट धरण्याचा हक्क त्याला असतो. पास घेणारा हा पाहुणा ठरतो, आणि दुसऱ्याच्या घरी पानावर बसून आमटी खारट झाली असे म्हणण्याची आपली रीत नाही.

हा भेद आमच्या रंगभूमीने फार पूर्वी अनुभविला आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत पहिला खेळ केला, तो संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये ते निवर्तल्यावर तो आश्रय सुटला आणि भाव्यांना गावोगावी हिंडून तिकिटावर खेळ करणे प्राप्त झाले. त्या काळी ही आपत्तीच वाटली असेल. परंतु राजाची मर्जी राखणाऱ्या नाटकाला पदरचे पैसे मोजणारा रसिक मिळाला, तो या आपत्तीतूनच. पुढे १९६१ पासून पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ'च्या प्रयोगांत एकट्याच्या बळावर नाट्यगृहे हसविली, ती तिकीट काढून आलेल्या लोकांची. त्या हशात भीड नव्हती. त्यामुळेच त्याला अभिप्रायाची किंमत होती.

आता स्टुडिओतील व्यवहार पाहा. तेथे कोणी टाळ्या केव्हा वाजवाव्या याची खूण करतो; वाक्य चुकले की प्रवेश पुन्हा होतो, आणि प्रेक्षकाला त्याच विनोदावर तितक्याच उत्साहाने पुन्हा हसावे लागते. हसरे चेहरे कित्येकदा निराळेच टिपून ठेवतात आणि मागाहून हवे तेथे जोडतात. खुर्च्या भरण्यासाठी रोजंदारीने माणसे आणून बसविण्याची चालही या धंद्यात आहे. हा आरोप आम्ही कोणा एका कार्यक्रमावर करीत नाही. धंद्याची ही सामान्य रीत आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत हसण्यासाठी, रडण्यासाठी आणि टाळ्यांसाठी भाडोत्री माणसे बसविली जात. त्यांना निदान पैसे मिळत! आमचा पासधारी सुशिक्षित तेच काम फुकट करतो आणि वर कृतज्ञही राहतो.

यावर कोणी म्हणेल की, परदेशातही अशी तिकिटे विनामूल्यच असतात. असतात खरी. बी. बी. सी.च्या कार्यक्रमांची तिकिटे फुकट मिळतात, आणि जागांहून अधिक तिकिटे वाटली जात असल्याने हाती तिकीट असूनही परत फिरावे लागते. परंतु तेथे अर्ज कोणीही करावा, असा उघड रिवाज आहे; ओळखीचा काका लागत नाही. शिवाय तेथील अनुभवही आमच्याच बाजूची साक्ष देतो. १९५१ साली अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' ही विनोदी मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित होऊ लागली. परंतु त्याच दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या तंत्रज्ञाने साठविलेला हशा बटन दाबून पुरविणारे यंत्र तयार केले, आणि पुष्कळ निर्मात्यांनी ते आनंदाने पत्करले. हुकमी हशाच हवा असेल, तर माणसाहून यंत्र अधिक सोयीचे!

दुसरा आक्षेप असा की, घटकाघटकेला थांबणाऱ्या चित्रीकरणाचे पैसे लोकांकडून कसे घ्यावे? न थांबता प्रयोग करावा, हे त्याचे उत्तर. चुकलेले प्रवेश प्रेक्षक गेल्यावर पुन्हा टिपता येतील. 'चला हवा येऊ द्या'ची मंडळी स्टुडिओबाहेर पडून महाराष्ट्राच्या दौऱ्यावरही गेली होती. तेव्हा गावोगावच्या रंगमंचावर हे जमणार नाही असे नाही. पनवेलात महानगरपालिकेचे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह उभे आहे. तेथे खिडकीवर माफक दराचे तिकीट लावावे, रांगेत जो आधी येईल त्याला द्यावे, आणि प्रेक्षक हसेल तेवढाच हशा घराघरांत ऐकवावा.

यात हानी झालीच तर पहिल्या काही प्रयोगांत लेखकाची होईल, आणि पुढे लाभही त्याचाच होईल. नाटककाराला पडलेला विनोद कोणता ते पहिल्याच रात्री कळते. सभागृह गप्प राहिले की तो वाक्य काढतो, बदलतो, नवे लिहितो. ज्याच्या प्रत्येक वाक्याला हशा ठरलेलाच आहे, त्याला हे कळावे कसे? पुरुषाला लुगडे नेसवून तेच तेच चाळे वर्षानुवर्षे चालतात. त्याचे एक मोठे कारण, समोर गप्प बसण्याचा अधिकार असलेला मनुष्यच उरलेला नाही, हे होय. ज्या भाषेत चिं. वि. जोशी यांचा चिमणराव जन्मला आणि केवळ छापील अक्षरांवर घरोघरी लोकांना हसवून गेला, त्या भाषेच्या विनोदाला इशाऱ्यावरच्या टाळ्यांचा टेकू लागावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

वाहिन्या हे आपण होऊन करतील अशी आशा आम्हांस नाही. जाहिरातदार पैसे देत असता त्यांना तुमच्या आमच्या तीनशे रुपयांची गरज कशाला? परंतु पास न मागणे तरी आपल्या हाती आहे. तेवढ्याच पैशांत आणि कमी पायपिटीत गावच्या नाट्यगृहात एखादे विनोदी नाटक पाहून यावे. तेथे हसू आले तर पोटभर हसावे, आणि न आले तर खुशाल हाताची घडी घालून बसावे. त्या मौनाचेही मोल आपण खिडकीवर मोजलेले असते.