अनुतापाचे चाळीस दिवस

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, तिची ख्याती साऱ्या महाराष्ट्रात आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि विजयाची खूण म्हणून तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या. त्यांतलीच ही एक, असे सांगतात. घंटेवर १७२१ हे साल आहे. मी लहानपणापासून ती पाहत आलो, तिचा इतिहास कीर्तनाच्या उत्तररंगात अभिमानाने सांगत आलो. परंतु ही घंटा आपल्या मूळ गावी वाजत होती तेव्हा ती लोकांना कशासाठी बोलावीत असेल, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत माझ्या मनात आला नाही.

आज देवशयनी एकादशी. आजपासून चातुर्मास. घरोघरी नियम धरले जातील. कुणी कांदा, लसूण, वांगी वर्ज्य करील, कुणी एकभुक्त राहील, कुणी लक्ष वाती वळील, कुणी पोथी लावील. या नियमांना मी तिळमात्र उणे लेखीत नाही; त्यांच्याच आधाराने आपल्या आयाबहिणींनी धर्म घरात जागता ठेवला. तरीही या नियमांच्या मालिकेतून एक मणी केव्हातरी निसटून पडला आहे, असे मला नम्रपणे वाटते. तो मणी अनुतापाचा. आणि त्याची आठवण मला वसईत, एका चर्चमध्ये झाली, हे आजच्या पवित्र दिवशी सांगितले पाहिजे.

फाल्गुनात तुकोबांवर बोलण्यासाठी मी वसईला गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो ते गृहस्थ ख्रिस्ती, सत्तरीपुढचे, केळी आणि फुलझाडे लावणारे बागाईतदार. दुसरा दिवस त्यांच्या ‘राखेच्या बुधवारा’चा होता. त्यांची परवानगी घेऊन मीही सकाळी चर्चमध्ये मागे जाऊन उभा राहिलो. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन घरोघरी नेलेल्या झावळ्या परत आणून जाळतात आणि त्यांची राख करतात. धर्मगुरू ती राख प्रत्येकाच्या कपाळी क्रुसाच्या आकारात लावतात आणि हा देह मातीचा आहे, मातीला मिळणार आहे, याचे स्मरण देतात. कपाळी भस्म लावणाऱ्या आम्हांला यात परके ते काय वाटावे? त्याच दिवशी शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, त्यात येशू सांगतो की दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दाखविण्यासाठी करू नका. उपवास असेल त्या दिवशी तोंड धुऊन प्रसन्न दिसा. आमच्याकडच्या दांभिक व्रतस्थांना संतांनी हाच बोल लावला आहे.

त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस होतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. उपवासाचे जुने कडक नियम १९६६ साली पुष्कळ सैल झाले. आता बंधनकारक उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. पण काळाचे गांभीर्य सैल झालेले नाही. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात. ‘आलेलुया’ हा आनंदाचा घोष चाळीस दिवस मुखी येत नाही. लग्नकार्ये सहसा होत नाहीत, जशी आपल्याकडे चातुर्मासात टाळतात. शुक्रवारी येशूच्या अखेरच्या वाटेवरील चौदा स्थाने स्मरत भाविक क्रुसाची वाट चालतात. आणि वेदीवर फुले ठेवीत नाहीत. ज्या वसईची फुले मुंबईच्या बाजारात जातात, त्या वसईत देवापुढे फूल नाही! नाताळाच्या आधीही चार रविवारांचा असाच तयारीचा काळ असतो. तेव्हाही वस्त्रे जांभळीच. सण मोठा, म्हणून त्याच्या आधीचे अंगणही झाडून घ्यायचे, असा हा भाव.

हे अंगण झाडायचे म्हणजे काय, ते पापनिवेदनात कळते. १२१५ सालच्या धर्मसभेने प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केले पाहिजे असा दंडक घातला. ईस्टरपूर्वी शेजारच्या धर्मग्रामांतले धर्मगुरू एकमेकांच्या मदतीला येतात, म्हणजे आपल्या ओळखीच्या गुरूंपुढे जीभ अडखळणाऱ्याला अनोळखी कान मिळतो. ऐकलेले प्राण गेला तरी बाहेर फोडायचे नाही, हा त्या गुरूंचा निर्बंध आहे. आणि ते गुरू स्वतःही दुसऱ्या गुरूपुढे गुडघे टेकतात. पोपही यातून सुटत नाहीत. आधी आपले मन तपासणे, मग पश्चात्ताप, मग पुन्हा न करण्याचा निश्चय, मग उच्चार, मग सांगितलेले प्रायश्चित्त, अशा याच्या पायऱ्या आहेत. चोरलेले परत केल्यावाचून चोरीचा हिशेब मिटत नाही, हेही त्यांना लहानपणी शिकवतात.

बागेत बसलो असता यजमानांनी मला एक गोष्ट सांगितली. “बुवा, आमचे वडील दर पावसाळ्यापूर्वी नांगरताना शेजाऱ्याचा बांध हातभर आत ढकलीत. एका वर्षी पापनिवेदनाला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परतले. त्यांना आठवले, वेदीवर अर्पण ठेवताना भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असे येशूने सांगितले आहे. वडील कुदळ घेऊन शेतावर गेले. बांध जिथे होता तिथे नेऊन घातला. शेजाऱ्याला हाक मारून दाखवला. मग चर्चमध्ये गेले. आम्ही पोरे बघत होतो.”

ही गोष्ट ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

वाचक म्हणतील, हे सारे परधर्माचे. आमच्याकडे पापाचा एवढा बाऊ नाही, आम्ही तर अमृताची लेकरे. पण हे अर्धे सत्य आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याची साधने सांगितली आहेत. त्यांत तप, अध्ययन आणि दान यांच्याही आधी ख्यापन आणि अनुताप यांचे नाव आहे. ख्यापन म्हणजे आपले पाप आपल्या तोंडाने सांगणे. प्राचीन चातुर्मास्य यागांत आषाढात येणारे वरुणप्रघास नावाचे पर्व असे. त्यात यजमानाच्या पत्नीला तिचा अपराध विचारीत. उच्चारलेले पाप लहान होते, कारण ते सत्य बनते, असे शतपथ ब्राह्मण त्याचे कारण देते. हा प्रश्न एकट्या पत्नीलाच का, पतीला का नाही, असे आजची सूनबाई विचारील आणि तिचे बरोबर आहे. तत्त्व मात्र दोघांनाही लागू आहे. प्रातःसंध्येत आपण रात्री मनाने, वाणीने, हातापायांनी घडलेल्या पापाची क्षमा रोज मागतो. श्रावणीच्या संकल्पात तर पापांची लांबलचक यादीच आहे. पण ती संस्कृतात आणि घाईत म्हटली जाते. त्या यादीत सगळ्यांची पापे येतात, माझे तेवढे येत नाही.

पळवाटा दोन्हींकडे निघाल्या. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे खडतर प्रायश्चित्त. पण त्याला गोदानाचा पर्याय निघाला, मग गाईच्या किमतीचा. युरोपात पापदंडाची माफी देणाऱ्या पत्रांचा बाजार मांडला गेला, त्याविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथर उभा राहिला. अनुतापाची जागा पैशाने भरू पाहणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला धर्म नाही.

आणखी एक आक्षेप मला ठाऊक आहे. ज्यांनी आमची देवळे पाडली, गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, धर्मन्यायसभा चालवली, त्यांच्याकडून आम्ही पश्चात्ताप शिकायचा काय? प्रश्न रास्त आहे आणि तो गिळून टाकणे हा खोटा सौजन्याचा मार्ग होय. पण त्याचे एक उत्तरही घडून गेले आहे. १२ मार्च २००० रोजी, याच चाळीस दिवसांतल्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली असहिष्णुता आणि इतरांच्या संस्कृती व धर्म यांचा केलेला अनादर ही पापे त्यात होती. गोव्याचे नाव घेतले गेले नाही, ते घेतले असते तर आमचे समाधान अधिक झाले असते. तरीही एवढ्या जुन्या आणि बलाढ्य संस्थेने आपला अपराध उघड्या तोंडाने म्हणावा, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या समाजाने शतकानुशतके ज्यांना देवळाच्या पायरीबाहेर उभे केले, त्यांच्यापुढे आपण असे कधी उभे राहिलो, हेही मग विचारावे लागते.

आता त्या रात्रीचे कारण. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीवरून माझा धाकट्या भावाशी नऊ वर्षे अबोला होता. ओसरीलगतचे दोन खण धाकट्याचे, असे वडील जाण्यापूर्वी माझ्याजवळ बोलले होते. पंचांपुढे मी ते सांगितले नाही. खोटे बोललो नाही, गप्प राहिलो. ज्याने चाळीस वर्षे बोलण्यावर पोट भरले, त्याचे पाप न बोलण्याचे होते. या नऊ वर्षांत मी एकही एकादशी मोडली नाही.

वसईहून परतलो आणि घरी न जाता भावाच्या दारात गेलो. उभ्यानेच ते वाक्य सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत पाहून म्हणाला, “दादा आलाय, चहा ठेव.” गेल्या महिन्यात त्या दोन खणांचा कागद झाला. मने पूर्वीसारखी झाली, असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. नऊ वर्षे चहाने धुऊन निघत नाहीत.

म्हणून आज एवढीच विनंती. चातुर्मासाचे आपले नियम अवश्य धरा. त्यांत एका नियमाची भर घाला: कार्तिकी एकादशीच्या आत, ज्याचा अपराध आपण केला आहे त्या एका माणसापुढे जाऊन, सोप्या मराठीत तो सांगायचा आणि जे त्याचे असेल ते त्याला परत द्यायचे. विठ्ठलाची क्षमा मग मागावी. तो अठ्ठावीस युगे उभा आहे, आणखी थोडा वेळ थांबेल. दुखावलेल्या माणसाचे आयुष्य मात्र तेवढे लांब नसते.